‘आता फार उशीर झाला’ असं कुणी ठरवलं?

(मंडळाच्या मदतनिधीसाठी झालेल्या कार्यक्रमातलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडंफार नीट करून.)



मला वीस मिनिटं दिली आहेत. मागून मसालेभाताचा वास यायला लागलाय, म्हणजे पंचविसावं मिनिट तुम्ही मला देणार नाही, हे मी जाणून आहे. तेव्हा थेट विषयालाच हात घालते.

मी इथे न्यू जर्सीत वकिली करते. घटस्फोट, मुलांचा ताबा, घरातल्या मारहाणीच्या केसेस आणि त्यांच्या मागोमाग येणारं इमिग्रेशन. आधी एक धंद्यातली सूचना. आज मी जे बोलणार आहे ती माहिती आहे, सल्ला नव्हे. प्रत्येकीची केस वेगळी असते. घरी जाऊन कुणी ‘आमच्या मंडळात वकीणबाई असं म्हणाल्या’ म्हणून कागद भरायला बसू नये!

माझ्या ऑफिसात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं असेल? ‘त्याने मारलं’ हे नाही. ते वाक्य आहे, ‘ताई, आता काय उपयोग? किती वर्षं झाली त्याला.’ चौतिशीची मुलगी हे म्हणते आणि एकसष्टीच्या काकूही म्हणतात. मी विचारते, ‘उशीर झाला असं तुम्हाला कुणी सांगितलं?’ तर कळतं की कुठल्याच वकिलाने सांगितलेलं नसतं. बहिणीने, मैत्रिणीने, दिराने किंवा मंडळातल्याच कुणा जाणत्या माणसाने सांगितलेलं असतं.

एकदा तर मीच सांगितलं होतं. ती गोष्ट आज सांगते. जिची आहे तिला विचारून सांगतेय, पण ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा कंपन्यांची काँट्रॅक्ट्स बघायचे, कौटुंबिक कायद्याशी संबंध नव्हता. गणपतीच्या आदल्या दिवशी एका घरी आम्ही सात-आठ जणी मोदक करत होतो. माझ्या शेजारच्या मैत्रिणीच्या पाकळ्या काही केल्या नीट येईनात. मी चेष्टा केली. ती म्हणाली, ‘मनगट पूर्ण वळत नाही गं, मोडलं होतं.’ ‘पडलीस का?’ ‘नाही.’ त्या एका ‘नाही’मध्ये सगळं आलं. थोड्या वेळाने ओट्यापाशी दोघीच होतो, तेव्हा तिने हळूच विचारलं, ‘नऊ वर्षं झाली. बाकीचं चालूच असतं अजून. पण याचं आता काही होतं का?’ मी उकडीचा हात धुवत उत्तर दिलं, ‘दोन वर्षांची मुदत असते. गेली ती.’

उत्तर चूक होतं का? एका दाव्यापुरतं बरोबर होतं. शारीरिक इजेच्या साध्या दाव्याला न्यू जर्सीत दोन वर्षांचीच मुदत असते. पण एक दार बंद आहे हे बघून मी अख्ख्या घराला कुलूप आहे असं सांगून टाकलं.

पुढे दोनेक वर्षांनी तिचा घटस्फोट झाला. तिच्या वकिलाने मनगटाचं विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. कशाला सांगेल? मी निकाल आधीच देऊन बसले होते! खूप नंतर, या कामात पडल्यावर, मी ‘टेव्हिस’ आणि ‘जोव्हीन’ हे दोन निकाल वाचले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यातलं सार एवढंच. १९७९ च्या टेव्हिस निकालात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नवऱ्याने केलेल्या इजेची भरपाई मागायची असेल तर ती घटस्फोटाच्या दाव्यातच मागायला हवी, मागाहून वेगळी केस चालणार नाही. त्या केसमधल्या बाईची मुदत टळलेली होती, तिला काही मिळालं नाही. मग १९९५ मध्ये जोव्हीन केसमध्ये अपील कोर्टाने एक वाट मोकळी केली. वर्षानुवर्षं चाललेल्या मारहाणीमुळे बाईची प्रतिकाराची शक्तीच खचली होती आणि म्हणून ती वेळेत कोर्टात जाऊ शकली नाही, हे तज्ज्ञाच्या साक्षीने दाखवता आलं, तर तो सगळा छळ एकच सलग कृत्य धरता येतो. म्हणजे जुनी वर्षंही त्यात येऊ शकतात. माझ्या मैत्रिणीला हे मिळालंच असतं असं मी म्हणत नाही. पण तिने घटस्फोटाच्या कागदांवर सही करायच्या आधी हा प्रश्न कुणीतरी टेबलावर ठेवायला हवा होता. सही झाली आणि तो विषय कायमचा संपला.

हे मी तिला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही. ‘तुला तरी कुठे माहीत होतं,’ म्हणाली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

तर मुद्दा असा, की कायद्यात ‘उशीर’ नावाची एकच गोष्ट नसते. प्रत्येक दाराला आपलं वेगळं घड्याळ असतं. काही घड्याळं फार भरभर पळतात आणि काही दारांवर घड्याळच नसतं.

फौजदारी बाजू बघा. न्यू जर्सीत बलात्काराच्या गुन्ह्याला १९९६ पासून मुदतच नाही, वीस वर्षांनीही खटला भरता येतो. (त्याआधीच ज्यांची मुदत संपून गेली होती ते गुन्हे मात्र या बदलामुळे पुन्हा जिवंत होत नाहीत.) दिवाणी दाव्याचा, म्हणजे भरपाई मागण्याचा कायदा इथे २०१९ मध्ये बदलला. पूर्वी लैंगिक अत्याचाराच्या दाव्यालाही दोनच वर्षं होती. आता प्रौढ स्त्रीला, आणि पुरुषालाही, आपल्या हानीचं कारण हा अत्याचार आहे हे उमगल्यापासून सात वर्षं मिळतात. लहानपणी झालेलं असेल तर वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत किंवा उमगल्यापासून सात वर्षं, यातलं जे नंतर येईल ते. ‘उमगल्यापासून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडे कित्येक बायकांना चाळिशीत, स्वतःची मुलगी त्या वयाची झाल्यावर, आपल्याबरोबर काय घडलं होतं ते उमगतं.

वर्तमानपत्रात तुम्ही ‘खिडकी’बद्दल वाचलं असेल. मुदत संपलेल्यांसाठी काही राज्यं ठरावीक काळ दार उघडतात. न्यू जर्सीची खिडकी १ डिसेंबर २०१९ ला उघडली आणि दोन वर्षांनी बंद झाली. न्यूयॉर्कने प्रौढांसाठी नोव्हेंबर २०२२ पासून एक वर्ष उघडली, तीही बंद झाली. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२६ पासून दोन वर्षांसाठी एक उघडली आहे, तिच्या अटी वेगळ्या आहेत. हे एवढ्यासाठी सांगतेय की तुमची बहीण किंवा मावसबहीण दुसऱ्या राज्यात असेल तर इथलं उत्तर तिला लावू नका. आणि पाच वर्षांपूर्वीच्या ईमेलवरून तर मुळीच नको.

रेस्ट्रेनिंग ऑर्डरबद्दल थोडक्यात. त्यासाठी अलीकडची एखादी घटना लागते, पण जुना इतिहास वाया जात नाही. १९९८ च्या सेझारे निकालात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आजच्या बोलण्याचा अर्थ त्या जोडप्याच्या पूर्वीच्या इतिहासातूनच लावायचा. ‘मी पार्किंगमध्ये उभा आहे’ हा मेसेज तुम्हा-आम्हाला साधा वाटेल, पण बारा वर्षं मार खाल्लेल्या बाईला तो साधा नसतो. न्यायाधीशाला तो तिच्या नजरेने वाचावा लागतो. अर्जाला फी नाही. आणि इथली अंतिम ऑर्डर आपोआप संपत नाही, कोर्ट रद्द करेपर्यंत ती लागू राहते.

आता इमिग्रेशन. इथे जरा थांबते, कारण आपल्या मुली सगळ्यात जास्त इथेच फसतात.

एका मुलीची गोष्ट. सांगलीकडची. नवरा ग्रीन कार्डवाला, पण त्याने हिची फाइल कधी केलीच नाही. ‘माझ्याशी नीट राहिलीस तर करीन’ हे ब्रह्मास्त्र हातात ठेवलं. एका रात्री हिने ९११ ला फोन केला, पोलीस आले, हिने जबाब दिला. पुढे घटस्फोट झाला. कॉलेजात नाव घालून हिने कसाबसा स्टेटस टिकवला. सगळे म्हणाले, सुटलीस बाई, आता मागचं उकरू नकोस. ती माझ्याकडे आली तेव्हा घटस्फोटाला दोन वर्षं चार महिने झाले होते.

१९९४ च्या ‘व्हावा’ कायद्याखाली, नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर छळ झालेली बायको स्वतःच स्वतःचा अर्ज करू शकते. फॉर्म आय-३६०. नवऱ्याची सही लागत नाही, त्याला कळवत नाहीत, सरकारी फी नाही. पण घटस्फोट झाला असेल तर तो झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. आपण समजतो घटस्फोट झाला म्हणजे प्रकरण मिटलं. इथे घड्याळ घटस्फोटाच्या दिवशी सुरू होतं! चार महिन्यांनी तिचं ते दार गेलं.

मग दुसरं दार. यू व्हिसा, २००० सालच्या कायद्यातला. यात नवऱ्याचा स्टेटस काय, लग्न आहे की नाही, याला महत्त्व नाही. म्हणजे नवरा एच-१ वर असला तरी चालतो. तुमच्यावर ठरावीक गंभीर गुन्हा झाला आणि तुम्ही पोलिसांना सहकार्य केलं, हे पोलिसांनी किंवा सरकारी वकिलांनी लिहून द्यावं लागतं. गुन्हा किती जुना याला मर्यादा नाही. फक्त पोलिसांची सही अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतली हवी. तिचा तो ९११ चा फोन सहा वर्षं जुना होता. आम्ही पोलीस स्टेशनला पत्र लिहिलं, त्यांनी जुनी फाइल काढली आणि सही दिली.

आता पुरावा. त्या मुलीने सहा वर्षांत कुणालाही एक शब्द बोललेला नव्हता. फक्त आईला पत्रं लिहायची, फोनवर नवरा शेजारी बसायचा म्हणून. आईने ती सगळी पत्रं ट्रंकेत जपून ठेवली होती. एका पत्रात नुसतं एवढंच होतं, की यंदा दिवाळीचे फोटो पाठवत नाही, पुढच्या महिन्यात पाठवीन. मी विचारलं, का? ती म्हणाली, डोळा उतरायला तेवढे दिवस लागले. त्या दिवाळीची तारीख आणि एका वॉक-इन क्लिनिकच्या बिलाची तारीख जुळली.

ही पत्रं मराठीत. इमिग्रेशनला पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं आणि भाषांतर करणाऱ्याने दोन्ही भाषा येतात असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. घाईघाईत लिहिलेलं ते बारीक अक्षर कुणाला लागेना. आपल्याच मंडळातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी, भिंग घेऊन, तीन शनिवार बसून ते काम केलं. त्या आत्ता इथे बसल्या आहेत आणि नाव घेऊ नको अशी त्यांनी मला सक्त ताकीद दिली आहे.

यू व्हिसा वर्षाला दहा हजारच मिळतात, रांग कित्येक वर्षांची आहे, आणि ती अजून त्या रांगेत आहे. २०२१ पासून प्राथमिक छाननीत अर्ज खरा ठरला तर मधल्या काळात काम करायची परवानगी मिळू शकते, तेवढा आधार. मी कुणाला गुलाबी चित्र दाखवत नाही. सध्याच्या दिवसांत तर इमिग्रेशनचा कुठलाही अर्ज वकिलाला दाखवल्याशिवाय टाकू नका, कारण नामंजूर झालेला अर्ज उलटूही शकतो.

एच-४ वर असलेल्यांसाठी एक छोटी गोष्ट. नवरा एच-१बी वर असेल आणि छळ होत असेल, तर बायकोला स्वतःचं वर्क परमिट मागता येतं. कायदा २००५ चा, पण फॉर्म निघायला २०१७ उजाडलं! फार कमी जणींना हे माहीत आहे.

आणि आता भारत, कारण अर्धी प्रकरणं तिथेच अडकलेली असतात. ४९८-अ मधली तक्रार, आता ते नव्या न्यायसंहितेचं कलम ८५ झालंय, तिला साधारण तीन वर्षांची मुदत आहे, उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे. २०१९ च्या रूपाली देवी निकालानंतर बाई जिथे आश्रयाला गेली, म्हणजे माहेरच्या गावीही, ती तक्रार करता येते. पण घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. घटस्फोट झाल्यावरही, लग्न असताना झालेल्या छळाबद्दल त्याखाली मागणी करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. आणि २०२२ मध्ये कामाची केसमध्ये म्हटलं की त्या अर्जाला फौजदारी कायद्यातली एक वर्षाची मुदत लागूच होत नाही.

स्त्रीधनाचं तर ऐका, यात इथल्या निम्म्या खुर्च्यांना रस असेल. लग्नातले तोडे, पाटल्या, आजीची ठुशी, सगळं ‘सुरक्षित राहील’ म्हणून सासूबाईंच्या लॉकरमध्ये गेलं. पंधरा वर्षांनी लग्न मोडलं, आणि लॉकर पुण्यात. २०१५ मध्ये कृष्णा भट्टाचार्जी यांच्या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधन बायकोचंच, नवरा किंवा सासर फक्त सांभाळणारे, आणि ते परत न देणं हे रोज चालू असलेलं कृत्य आहे. त्या बाई नवऱ्यापासून कायदेशीर विभक्त झाल्या होत्या, तरी खालच्या कोर्टांनी उशीर झाला म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. तेव्हा लग्नाचा अल्बम टाकून देऊ नका. नवऱ्याचा चेहरा बघवत नसेल तर त्यावर कागद चिकटवा, पण गळ्यातलं आणि हातातलं दिसू द्या.

प्रत्येकीने केस करावीच असं माझं म्हणणं नाही. एक काकू माझ्याकडे तीनदा आल्या, सगळं विचारून घेतलं, वहीत लिहून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, ‘नाही करायचं. पण करता आलं असतं, हे कळलं.’ मी त्यांचा ‘नाही’ पूर्ण मानते, कारण तो त्यांचा स्वतःचा होता. माझ्या मैत्रिणीचा ‘नाही’ मात्र मी तिच्यासाठी ठरवला होता.

आता पैशांचं बोलते, कारण त्यासाठीच तुम्ही तिकिटं घेतलीत. याच राज्यात १९८५ साली ‘मानवी’ सुरू झाली, दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी या देशातली पहिली संस्था. तेव्हापासून वकील फुकट वेळ देत आले आहेत. वकिलाचा वेळ मिळतो हो. अडतं बाकीच्यावर. मानसतज्ज्ञाचा अहवाल, ज्याच्यावाचून जोव्हीनसारखा दावा उभाच राहत नाही, त्याला हजार डॉलरच्या वर सहज लागतात. पोलिसांच्या आणि हॉस्पिटलच्या जुन्या नोंदी काढणं, भारतातून शपथपत्रं मागवणं, कोर्टाच्या दिवशी मुलांना सांभाळणं, हे सगळं आपला निधी करतो. गेल्या वर्षी एकीची सगळी केस एका जुन्या एक्स-रेच्या प्रतीसाठी तीन आठवडे थांबली होती.

आणि ज्यांना चेक लिहिणं जमणार नाही, त्यांच्याकडे मी दुसरं काही मागते. जुनं मराठी हस्ताक्षर वाचता येणाऱ्यांनी नावं द्या. ज्यांच्याकडे मंडळाचे जुने फोटो, कार्यक्रमांच्या तारखा आहेत त्यांनी त्या फेकू नका. ‘त्या वर्षी ती संक्रांतीला लांब बाह्यांचा ब्लाउज घालून आली होती, मला आठवतं,’ असं कुणी शपथेवर लिहून दिलं तर त्यालाही किंमत असते. आपल्याला पुष्कळ आठवत असतं, आपण फक्त बोलत नाही.

माझी वीस मिनिटं झाली आहेत, अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. जेवणानंतर मी कोट ठेवण्याच्या खोलीत बसणार आहे. तिथे मुद्दाम लाडवांच्या पाकिटांचं टेबल लावलंय, म्हणजे कुणी आत आलं तर लाडू घ्यायला आली असंच दिसेल. आज बोलायचं नसेल तर राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर १-८००-७९९-७२३३, रात्री-अपरात्रीही चालू असतो, दुभाषा मागता येतो. येताना काही आणायची गरज नाही. फक्त एक तारीख आठवत असेल तर ती, आणि नसेल आठवत तर त्या वर्षी मुलं कितवीत होती, एवढं पुरे.